अर्धा दात वर

महाराजबागेमागच्या गल्लीत माझं दुकान.
टायपिंग, झेरॉक्स, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं.
एकतीस वर्षं लोकांचे प्रबंध बडवले,
स्वतः बारावी नापास.

वाचत नाही मी. वाचत बसलो तर चुका होतात.
पण बोटांच्या लक्षात राहतं,
जिन्यातली कुठली फरशी हलते
हे पायाच्या राहतं तसं.

परवा मृणाल हेडाऊचं चौथं प्रकरण घेतलं.
बाहेर सेहेचाळीस, कूलरची खस आत्ताच भिजवलेली.
पान एकशे बारावर बोटं माझ्याआधी पुढे गेली:

माग थांबला त्या रात्री घरात कोणाला झोप नाही,
इतकी शांतता आमच्या सवयीची नव्हती.

हे मी आधी मारलंय.

चौऱ्याण्णव साल. दुकान नवं, मशीन सेकंडहँड.
कुसुम पराते नावाची बाई पाचपावलीहून सायकलनं यायची,
पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा कॅरिअरला बांधून.
त्या वाक्याच्या शेवटी तिला बारीक सात हवा होता.
म्हणजे रोलर अर्धा दात फिरवायचा,
सात मारायचा,
पुन्हा अर्धा दात मागे.
मी वैतागलो. म्हटलं, मॅडम, कायले एवढा खटाटोप?
खाली कोण पाहते?
“भागरथाबाई पाहीन,” ती म्हणाली.
“वाचता येत नाही तिले. पण आपलं नाव ओळखते.”

मग पानाच्या तळाशी, रेघेखाली:
७. भागरथाबाई निखारे, वय अंदाजे सत्तर, विणकर,
राहणार लष्करीबाग. स्वतःच्या ओट्यावर सांगितले, ११ मार्च.

दोन हजार नऊला तेच वाक्य परत आलं,
एका प्राध्यापकाच्या पेन ड्राइव्हमधून.
सात नाही. रेघ नाही.
‘आमच्या सवयीची’चं ‘त्यांच्या सवयीची’ झालेलं.
मी बोललो नाही.
पानाला सहा रुपये मिळत होते, पोरीची ट्यूशन होती,
आणि मी कोण?
सोनेरी अक्षरं तेवढी जरा जास्त दाबून मारली.

मृणालला विचारलं, हे कुठून घेतलं?
पोरगी घाबरली नाही. फोन पुढे केला.
“काका, सॉफ्टवेअरनं सहाच टक्के दाखवलं. दहापर्यंत चालते.”
म्हटलं, तुझ्या सॉफ्टवेअरनं
पाचपावलीची सायकल कुठं पाहिली?
“एका सरांच्या पुस्तकात होतं. एक शब्द बदलला फक्त.”
कोणता?
“‘त्यांच्या’चं ‘आमच्या’ केलं.
माह्या आजोबाचा माग होता न.”

मला काही सुचेना.
कूलरचं पाणी बादलीत पडत राहिलं.

मग सगळं सांगितलं. सायकल, सात, ओटा.
तिनं लगेच पेन काढलं:
“भागीरथी का भागरथा?”
भागरथा. पण हे लिहू नको, म्हटलं,
माझी बोटं संदर्भ नाहीत.
विद्यापीठाच्या लायब्ररीत जा, पराते बाईचा प्रबंध माग,
पान उघड, स्वतः पाहा, मग लिही.
“आणि त्या सरांचं काय?”
ते मला ठाऊक नाही.
मी पण तेव्हा सहा रुपये घेतलेच.

दोन दिवसांनी आली, ओढणीला धूळ.
कपाटामागच्या कपाटात सापडला म्हणे,
कार्डावर एकच तारीख,
शिक्का अर्धा उमटलेला.
वाक्य तिनं अवतरणात घातलं. कुसुमचं नाव, साल, पान,
आणि खाली भागरथाबाई, ओट्यासकट.
एक ओळ वर तिच्या आजोबाचं स्वतःचं वाक्य आलं,
गेल्या रविवारी विचारून आणलेलं,
तारखेसह.

तिच्याकडे हा तेविसावा आकडा.
कॉम्प्युटरवर तो आपोआप वर चढतो,
एक बटण, झालं.

तरी माझा डावा हात
टेबलाच्या कडेला गेला,
जिथं रोलरची मूठ असायची,
आणि रिकामाच
अर्धा दात फिरला.